इलेक्ट्रॉन फुगतो का हो मॅडम? सिम्युलेशन घेऊन क्वांटम शिकवायला गेले त्याचं प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगते. पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग, चाळीसच्या आसपास मुलंमुली, आणि क्वांटमची तोंडओळख करून द्यायला तास मिळालेले सहा. त्यात फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात तो), डबल स्लिट (दोन फटींचा प्रयोग) आणि वेळ उरलाच तर टनेलिंग, म्हणजे ऊर्जेच्या भिंतीवरून जायला ऊर्जा पुरत नसतानाही कण पलीकडे सापडणं. हे सगळं मी आधी बरीच वर्षं खडू-फळ्यावर शिकवलं, मग एक वर्ष प्रोजेक्टरवर सिम्युलेशन लावून शिकवलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मुलांच्याच हातात सिम्युलेशन देऊन. हे लिहितेय ते त्या शेवटच्या वर्षाबद्दल. पद्धत जमली असं सरसकट म्हणवत नाही, एका ठिकाणी ती चांगलीच उलटली, आणि लिहायला बसले ते खरं तर त्या उलटण्यामुळेच.

मूळ दुखणं असं की फोटोइलेक्ट्रिकचं गणित सगळ्यांना येतं. फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणाची, ऊर्जा वजा वर्क फंक्शन (धातूतून सुटायला लागणारी किमान ऊर्जा) बरोबर इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा, आकडे टाका, उत्तर काढा, मार्क घ्या. पण तोंडी विचारलं की बाबांनो, लाल दिव्याने या पत्र्यातून एकही इलेक्ट्रॉन निघत नाहीये, आता तसलेच शंभर दिवे लावले तर? की निम्मा वर्ग बिनधास्त सांगतो, निघतील की, ऊर्जा वाढली ना. म्हणजे सूत्र एका खिशात आणि समज दुसऱ्या खिशात, दोघांची गाठ कधी पडतच नाही. दुसरी गंमत म्हणजे आकृतीत बॅटरी, वायर आणि अ‍ॅमीटर दिसला की मुलांच्या डोक्यात लगेच ओहमचा नियम उभा राहतो, करंट येतोय म्हणजे बॅटरी ढकलतेय, प्रकाश बिचारा नुसता पडतोय तिथे. बॅटरी तिथे का आहे हेच कुणाला माहीत नसतं, आणि मी पण कधी विचारलं नव्हतं हे कबूल करते.

प्रोजेक्टरचं वर्ष मस्त गेलं. निदान वाटलं तरी तसं. मी स्लायडर हलवायचे, रंग बदलायचे, इलेक्ट्रॉन टणाटण बाहेर पडायचे, मुलं खूश, मी खूश, एकदा तर टाळ्या पण पडल्या. पुढच्या आठवड्यात तोच शंभर दिव्यांचा प्रश्न विचारला आणि तीच उत्तरं आली. आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल, मग वाचनात आलं की हार्वर्डला एरिक माझूर यांच्या गटाने २००४ साली नेमकं हेच तपासून छापलंय, वर्गातला प्रयोग नुसता बघणाऱ्या मुलांची समज तो न बघितलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नसते, पण आधी काय होईल ते सांगायला लावलं आणि मग दाखवलं तर फरक पडतो. म्हणजे टाळ्या पडणं आणि कळणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, करमणूक झाली एवढंच.

मग शेवटच्या वर्षी नियम बदलले. दोघांत एक स्क्रीन, मग तो फोन असो की लॅपटॉप. एकेकट्याला दिला की जो तो आपापल्या तंद्रीत स्लायडर फिरवत बसतो, तिघांत दिला की तिसरा खिडकीबाहेर बघतो, दोघं असले की भांडतात आणि मला भांडणच हवं होतं. स्क्रीनला हात लावायच्या आधी कागदावर अंदाज लिहायचा, आणि तो पेनाने लिहायचा. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज नंतर गुपचूप बरोबर होतो हे पहिल्याच तासाला कळलं होतं.

सिम्युलेशनं बहुतेक फेटची (PhET) वापरली, कार्ल वायमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू केलेला हा संच आहे आणि फुकट आहे. वायमन म्हणजे बोस-आइनस्टाइन कंडेन्सेटसाठी (अतिथंड अणूंची एक क्वांटम अवस्था) २००१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळालेले, स्वतः क्वांटमवाले. यातली क्वांटमची जुनी सिम्युलेशनं जावामध्ये लिहिलेली, ती ब्राउझरमध्ये चालतात पण साध्या फोनवर धापा टाकत चालतात, उघडेपर्यंत तासातली दहा मिनिटं जातात, त्यामुळे तास सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी उघडून ठेवायची असा फतवा काढावा लागला. माझी स्वतःची जमवलेली फ्लॅशमधली अ‍ॅनिमेशनं होती ती २०२० च्या अखेरीला फ्लॅश बंद झाल्यावर मेली, त्याचं थोडं दुःख आहे अजून.

फोटोइलेक्ट्रिकचा तास खरंच चांगला झाला. सोडियमचा पत्रा, ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश, बॅटरी शून्यावर. पहिला प्रश्न एवढाच, करंट येईल का? बहुतेकांनी पेनाने ठासून लिहिलं, नाही, बॅटरी शून्य आहे. आणि मग बटण दाबलं आणि इलेक्ट्रॉन आपले निवांत पलीकडे चाललेत. वर्गात एकदम जी शांतता झाली ती टाळ्यांपेक्षा कितीतरी बरी होती. मग मुलांनी स्वतःच बॅटरी उलटी फिरवून बघितली, इलेक्ट्रॉन मध्यापर्यंत जाऊन परत यायला लागले, आणि तिथे एकीला सुचलं की म्हणजे बॅटरी चढण आहे मॅडम, कोण किती वर चढतो ते बघायला ठेवलीये. मी वीस वेळा स्टॉपिंग पोटेन्शियलची (करंट बंद पाडणाऱ्या उलट्या व्होल्टेजची) व्याख्या लिहून दिली असेल पण चढण हा शब्द मला नव्हता सुचला. मग आकडे बसवले. ४०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप), सोडियमचं वर्क फंक्शन २.३ च्या आसपास, उरले ०.८, आणि बॅटरी उणे ०.८ व्होल्टच्या जवळ नेली की करंट बंद. तेच गणित जे ते आधीपासून करत होते, पण आता कुणीतरी त्या ०.८ कडे बोट दाखवून म्हणत होतं, हा बघ हा इथे अडला.

शंभर दिव्यांचा प्रश्न मग मुलांनीच संपवला. ६५० नॅनोमीटरचा लाल, तीव्रतेचा स्लायडर पार टोकाला, तरी ढिम्म काही नाही. फोटॉन वेगवेगळे दाखवायची एक खूण पर्यायांमध्ये असते, ती लावायला सांगितली आणि ते महत्त्वाचं ठरलं, कारण ती लावेपर्यंत प्रकाश म्हणजे नुसता रंगीत झोत दिसतो आणि झोत जाड केला की जोर वाढला असंच वाटतं. फोटॉन सुटे दिसले की कळतं की गर्दी वाढली, माणसं तीच. एका जोडीने तर भलताच प्रश्न काढला, तीव्रता तीच ठेवून तरंगलांबी कमी करत नेली तर फोटॉन कमी का होतात? बरोबर पकडलं होतं. तीव्रता म्हणजे दर सेकंदाला येणारी एकूण ऊर्जा, प्रत्येक फोटॉन महाग झाला की तेवढ्याच पैशात कमी येणार. हा मुद्दा माझ्या नोट्समध्ये कधीच नव्हता.

इथे दोन मिनिटं इतिहास सांगितला, तो मुलांना आवडतो कारण त्यात मोठी माणसं चुकतात. हर्ट्झला १८८७ मध्ये हे दिसलं ते दुसरंच काही शोधताना, लेनार्डने १९०२ मध्ये दाखवलं की इलेक्ट्रॉनची ऊर्जा तीव्रतेवर अवलंबून नाही, आइनस्टाइनने १९०५ मध्ये कारण सांगितलं, आणि मिलिकनने वर्षानुवर्षं मोजमापं करून १९१६ मध्ये आइनस्टाइनचं समीकरण तंतोतंत बरोबर असल्याचं छापलं पण फोटॉनची कल्पना मात्र त्याला स्वतःला पटत नव्हती. निम्मा वर्ग ज्या ठिकाणी अडला तिथे मिलिकन पण अडला होता हे सांगितलं की पेनाने लिहिलेल्या चुकीची लाज जरा कमी होते.

आता उलटलं कुठे ते.

डबल स्लिटच्या सिम्युलेशनमध्ये एकेक इलेक्ट्रॉन सोडता येतो. बंदुकीसारख्या नळीतून एक चमकणारा ढगासारखा गोळा निघतो, पसरतो, दोन फटींतून जातो, पलीकडे लाटा एकमेकांत मिसळतात आणि मग एकदम, टक, पडद्यावर एक ठिपका. दिसायला फार सुंदर. मी अंदाज लिहून घेतले, मुलांनी सोडले इलेक्ट्रॉन, ठिपके साचत गेले, त्यांचे उजळ-काळे पट्टे दिसले, सगळं ठरल्याप्रमाणे. तास संपताना मी सहज म्हणलं, एका वाक्यात लिहा काय झालं. आणि जे कागद आले ते वाचून मी डोक्याला हात लावला. इलेक्ट्रॉन निघाल्यावर फुगतो. इलेक्ट्रॉनचे दोन तुकडे होतात आणि पडद्याजवळ परत जोडले जातात. इलेक्ट्रॉन वायूसारखा पसरतो आणि पडद्याला बघून आकसतो. एकीने सरळ विचारलंच, इलेक्ट्रॉन फुगतो का हो मॅडम?

चूक त्यांची नव्हतीच. त्यांनी जे बघितलं ते अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. खडू-फळ्याच्या काळात मुलांना या बाबतीत काहीच कळायचं नाही, आता त्यांना ठाम आणि चुकीचं कळलं होतं, आणि ते मी स्वतः दाखवलं होतं, रंगीत करून. आकृती असली की मुलांना माहीत असतं की ही आकृती आहे, पण हलणारी, आपण बटण दाबलं की उत्तर देणारी गोष्ट असली की ती प्रयोगच वाटते. सिम्युलेशन म्हणजे कुणीतरी समीकरण सोडवून काढलेलं चित्र आहे, कॅमेऱ्याने टिपलेलं काही नाही, हे मला इतकं उघड वाटत होतं की मी ते बोललेच नव्हते.

त्या रात्री ठरवलं की पुढचा तास नवीन काही न शिकवता याच्यावरच घालवायचा. वर्गात गेले, तेच सिम्युलेशन लावलं आणि म्हणलं, यात जेवढं खोटं दाखवलंय तेवढं शोधा. ज्याचं खोटं खरं निघेल ते फळ्यावर. सुरुवातीला कुणी बोलेना, मॅडमने दाखवलेलं खोटं कसं म्हणायचं. मग मागून एकजण म्हणाला, रंग. इलेक्ट्रॉनला रंग कुठून आला? आला फळ्यावर. मग दुसरी म्हणाली वेग, एवढा सावकाश कसा जातो? हे मोजलंच. पन्नास हजार व्होल्टने पळवलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास जातो, स्क्रीनवर त्याला एवढंसं अंतर कापायला काही सेकंद लागत होते. मग माप, त्या ऊर्जेला तरंगलांबी येते ०.००५ नॅनोमीटरच्या थोडी वर, अणूपेक्षा कितीतरी लहान, आणि स्क्रीनवर लाट बोटभर. मग एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली की काल फोटॉन गोळीसारखा सरळ जात होता आणि आज प्रकाश निवडला तर तो पण लाट, मग कालचं खोटं की आजचं? मी म्हणलं दोन्ही लिही. एकाच गोष्टीची दोन अर्धी चित्रं, ज्या प्रश्नाला जे उपयोगी पडतं ते काढलंय.

आणि मग हळूहळू मोठं खोटं आलं. तो पसरणारा ढग कुणाला दिसतो? मधे डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारं यंत्र, ठेवला तर कधी पाव इलेक्ट्रॉन सापडतो का? नाही, सापडला तर अख्खा, नाहीतर नाहीच. मग ढग कशाचा? इथे मी पहिल्यांदा संभाव्यता हा शब्द काढला, आधी नाही. ढग जिथे जास्त उजळ तिथे सापडायची शक्यता जास्त, एवढंच चित्र सांगतंय, इलेक्ट्रॉनचा माल तिथे पसरलाय असं नाही. फुगतो म्हणणारी मुलगी यावर म्हणाली, म्हणजे फुगते ती आपली शक्यता. मला हे वाक्य पूर्ण बरोबर वाटत नाही, त्या शक्यतेच्या मागे जी लाट आहे ती बेरीज-वजाबाकी करते, म्हणून तर काळे पट्टे येतात, नुसत्या शक्यता कधी एकमेकींना खोडत नाहीत. पण फुगणाऱ्या इलेक्ट्रॉनपेक्षा हे लाखपटीने बरं, म्हणून त्या दिवशी तेवढ्यावर सोडलं आणि लाटेच्या खोडाखोडीवर दुसऱ्या दिवशी आले.

सिम्युलेशननंतर खरा डेटा दाखवला, आधी दाखवायला हवा होता असं आता वाटतं. जपानमध्ये अकिरा टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एकेक इलेक्ट्रॉन सोडून केलेला प्रयोग, त्याची पाठोपाठची चित्रं. पहिल्यात जेमतेम दहाएक ठिपके, शेवटच्यात लाखाच्या वर. यंत्रात एका वेळी सरासरी एकापेक्षाही कमी इलेक्ट्रॉन असायचा, म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना धडकून पट्टे करतात ही पळवाट बंद. पहिलं चित्र दाखवून पेनाने पुढचा ठिपका कुठे पडेल ते लिहायला लावलं, अर्थात कुणाचाच नेम लागला नाही, मग शेवटचं चित्र. यात रंग नाही, ढग नाही, आवाज नाही. काही मुलांना ते कंटाळवाणं वाटलं. चालतंय.

डोळ्याचा मुद्दा मात्र वेगळाच त्रास. इंटरनेटवर जे व्हिडिओ फिरतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी फटींजवळ एक मोठा डोळा काढलेला असतो आणि डोळा उघडला की पट्टे गायब. मुलं हे बघून आलेली असतात, त्यामुळे डिटेक्टर म्हणलं की त्यांना डोळा दिसतो, आणि वर्गात एकजण अगदी मनापासून म्हणाला की आपण बघतोय हे इलेक्ट्रॉनला कळतं. अंदाजाचा प्रश्न टाकला, डिटेक्टर चालू आहे पण त्याचं रीडिंग कुणीच वाचत नाही, थेट कचऱ्यात, तर पट्टे दिसतील का? वर्ग सरळ दोन भागात फुटला आणि जोरात भांडला. सिम्युलेशनने याचा निकाल लागत नाही, तिथे डिटेक्टर ठेवला की पट्टे जातात एवढंच दिसतं. मग व्हिएन्नाचा प्रयोग सांगितला, १९९९ मध्ये साठ कार्बनच्या रेणूंचे पट्टे मिळवणाऱ्या गटानेच २००४ मध्ये सत्तर कार्बनचे रेणू लेसरने तापवून सोडले. रेणू जितके गरम तितके पट्टे पुसट. कारण तापलेला रेणू जाता जाता स्वतःच प्रकाश टाकतो आणि त्या प्रकाशातून तो कुठून गेला याची खबर बाहेर फुटते. तिथे बघणारं कुणी नाही, डोळा नाही, मेंदू नाही, तरी पट्टे गेले. भांडण तिथे थांबलं. माझं स्पष्ट मत आहे की डोळ्याचं ते चित्र वर्गात दाखवूच नये, आणि दाखवलं तर खोटं शोधायच्या यादीत पहिल्या नंबरवर टाकावं.

व्हिडिओंबद्दल अजून एक. पार्श्वसंगीत बंद करून, माझा आवाजही बंद ठेवून दाखवले. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडियावर जे काम केलंय त्यातला सगळ्यात उपयोगी भाग हाच की जे शिकण्याशी संबंधित नाही ते काढून टाका, ते नुसतं निरुपयोगी नसतं तर आड येतं. स्वतःचं बोलणं काढून टाकायला मला जड गेलं, ते जाऊ दे. आणि मधे एकदा स्क्रीन बंद करून लेसर पॉइंटरच्या वाटेत केस धरला, दोन मीटरवरच्या भिंतीवर पट्टे पडले, दोन पट्ट्यांमधलं अंतर दीड-दोन सेंटिमीटर, त्यावरून प्रत्येक जोडीने आपापल्या केसाची जाडी काढली. लेसर कुणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढं सांभाळायचं. स्क्रीनवरचे पट्टे आणि भिंतीवरचे पट्टे एकाच गणितातले आहेत हे हाताला कळलं की वेगळं काहीतरी होतं.

टनेलिंगला एकच तास उरला आणि तो घाईत गेला. इथे मी शहाणपणा केला, सिम्युलेशनमध्ये ऊर्जेचा ग्राफ वेगळा आणि लाटेचा ग्राफ वेगळा दिलेला असतो, मी जागा वाचवायला माझ्या स्लाइडवर दोन्ही एकावर एक चिकटवले. भिंतीच्या अलीकडे लाट उंच, पलीकडे बुटकी, आणि तीच ऊर्जेच्या रेषेवर. चाचणीत विचारलं, पलीकडे पोचलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी, तेवढीच की जास्त? बहुतेकांनी लिहिलं कमी. लाट बुटकी झाली ना. पलीकडे सापडायची शक्यता कमी झाली, ऊर्जा आहे तेवढीच, हे मी बोलले होते, पण चित्र माझ्यापेक्षा जोरात बोललं.

पेपर परत देताना युरेनियम-२३८ चं उदाहरण घेतलं. त्याच्या अणुकेंद्रातून अल्फा कण टनेलिंग करूनच बाहेर पडतो, गॅमॉवने १९२८ मध्ये हे लावून दाखवलं. अर्धआयुष्य साडेचार अब्ज वर्षं म्हणजे पार व्हायची शक्यता किती नगण्य ते बघा, पण बाहेर आलेल्या कणाची ऊर्जा ठरलेली, बहुतेकांची ४.२ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. भिंत पोखरताना दमत असता तर कुणी कमी दमलेला, कुणी जास्त दमलेला असा सगळा गोंधळ निघाला असता. मान डोलल्या. किती कळलं ते पुढच्या चाचणीपर्यंत सांगता येत नाही.

खोट्यांची यादी आम्ही मोठ्या कागदावर लिहून वर्गात लावून ठेवली होती. टनेलिंगच्या स्लाइडबद्दल कुणीतरी काही लिहील म्हणून मी वाट बघत होते, दोन ग्राफ एकावर एक असं काहीतरी. ते आलंच, पण त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात अजून एक ओळ होती. चौदा, बोगदा हा शब्द, पोखरल्यासारखं वाटतं.